आईची ज्युनिअर

लेकीपाठोपाठ आईनेही त्याच लॉ कॉलेजात नाव घातलं आणि लेकीची पंचाईत झाली. आई पहिल्या बाकावर बसून प्रत्येक प्रश्नाला हात वर करायची, आणि भर वर्गात मागे वळून सांगायची, "बाळा, नाक पूस!"

वर्ष संपताच लेकीने दुसऱ्या विद्यापीठात ट्रान्सफरची चौकशी केली.

"तुमचे विषय इथे जुळत नाहीत," तिथला कारकून म्हणाला, "पहिलं वर्ष पुन्हा करावं लागेल."

"दोनदा करते!" म्हणत तिने प्रवेश घेतला.

हॉस्टेलवर चार दिवस मजेत गेले. पण मागच्या वर्षी डोक्यावरून गेलेला करारांचा कायदा याही वर्षी डोक्यावरूनच गेला. शेवटी तिने घरी फोन लावला.

"आई, तुझ्या नोट्स पाठवतेस?"

"पाठवते की. पण मी आता तुझी सीनिअर. आधी मॅडम म्हण."

लेकीने दार लावून घेतलं आणि हळूच म्हटलं.