पंपाला हात लावू नका

मी पोकलेन बोलतेय. हो, तीच पिवळी, पाझर तलावाच्या भरावावर उभी असलेली. माझा आवाज शेजारच्या वस्तीपर्यंत जातो, पण मी काय सांगतेय ते आजवर एकानंही ऐकलं नाही. म्हणून आज सगळं बोलून टाकते.

माझा जन्म जपानातला. तिथं रस्ते खणले, गटारं खणली आणि जरा जुनी झाले तशी तिथल्या लोकांना नकोशी झाले. मग बोटीतून मुंबईला आले आणि ट्रेलरवरून राहुरीला. अजिनाथनं मला घेतलं, वरून पिवळ्या रंगाचा हात मारला आणि जो भेटेल त्याला सांगत सुटला, आपली मशीन कंप्युटरवाली हाय.

ते काही खोटं नव्हतं. माझ्या केबिनमध्ये सीटच्या मागं एक डबा आहे. इंजिनावर ताण आला की हा डबा माझ्या हातात तेलाचा जोर भरणाऱ्या पंपाला सांगतो, जरा दमानं घे. काही तापलं की समोरच्या पॅनलला सांगतो, दिवा लाव. हे सगळं सांगणं जातं ते तारांच्या एका जुडग्यातून. ते मध्येच तुटलं की आमच्यात अबोला. मग पंप हात आखडून घेतो, इंजिन कण्हायला लागतं, बकेट मुरमात अडकून बसते आणि पॅनलवर नुसता लाल दिवा लुकलुकतो. तो दिवा म्हणजे माझी हाक असते. पण दिवा बघून माणसं काय करतात? वर एक थाप मारतात.

हल्ली माझं काम पाथर्डीकडं, या तलावावर. माझ्यावर बसायचा भिमाजी, तो इथलाच. पूर्वी तो आणि त्याची बायको कडूबाई दरसाल ऊसतोडीला जायचे. एका ठेकेदाराकडं राहून तो मशीन शिकला, अजिनाथनं त्याला माझ्यावर बसवलं आणि त्या घरातला कोयता खाली ठेवला गेला. त्यांची पोरं दिवाळीनंतरही शाळेत दिसायला लागली. कडूबाई त्याची भाकर घेऊन यायची ती मला एक चक्कर मारून, कुठं तेल गळतंय का बघून जायची. मालकानंसुद्धा कधी एवढं बघितलं नाही.

यंदा दसऱ्यानंतर माझं दुखणं वाढलं. सकाळी गारव्यात भिमाजीनं मला चालू केलं की थोड्याच वेळात लाल दिवा लुकलुकायचा आणि मी बंद पडायची. त्यानं माणूस धाडून नगरच्या मिस्त्रीला बोलवावं, मिस्त्री एस्टीनं उन्हाचा पोचावा, आणि तोवर मी वाळून, तापून ठणठणीत. मिस्त्री मला चालवून बघायचा आणि भिमाजीकडं असा बघायचा, की मलाच लाज वाटायची.

पण आलाय म्हटल्यावर काहीतरी केलं पाहिजे ना. त्यानं आधी डिझेलचा फिल्टर बदलला. मग डिझेलच्या पायपा उघडून फुंकल्या. शेवटी माझा पंप खोलला. डोकं दुखतंय म्हणून सांगायला गेले, तर यांनी माझं पोट फाडलं! आत काय सापडणार? धडधाकट पंप. तो परत बसवताना एक वायसर उलटा बसवला, तेव्हापासून तिथं तेल पाझरतंय ते वेगळंच.

भिमाजी सांगत होता, की पंपाचं काही नाही, डाव्या अंगाला वळवलं की झटका बसतो आणि सगळं एकदम जातं, मागच्या डब्यात बघा. अजिनाथनं ते कानाआड केलं. कुणी म्हणालं नजर लागली, तेव्हा मात्र लगेच ऐकलं. माझ्या बूमला लिंबू-मिरच्या आणि काळी बाहुली लटकली. बाहुली रोज झोके घ्यायची आणि मी रोज बंद पडायची.

मग एके दिवशी अजिनाथचा तोल गेला. सगळ्या मजुरांसमोर म्हणाला, "मिस्त्री आला की मशीन चालती, तो गेला की बंद पडती. मशीन न्हाई बिघडली, तू कामचुकार झालास."

भिमाजी किल्ली सीटवर ठेवून खाली उतरला.

त्याच्या जागी अजिनाथचा मेव्हणा गोरक्षनाथ आला. पहिल्याच सकाळी मी त्याच्याही हाताखाली बंद पडले. त्यावर अजिनाथ काय म्हणाला असेल? पाव्हण्याचा हात अजून बसला नाही म्हणे! मी बोलू शकत असते तर त्याला तिथल्या तिथं सुनावलं असतं.

पुढं तर मी भर दुपारीही उठेना, तेव्हा राहुरीहून सूर्यभान वायरमनला आणलं. त्याच दिवशी ऊसतोडकऱ्यांचा ट्रक देवळाली प्रवरेला निघणार होता. भिमाजी नि कडूबाई पत्र्याची पेटी, जर्मनची भांडी आणि दोन्ही पोरं घेऊन भरावाखालच्या रस्त्याला उभे होते.

सूर्यभाननं पंपाकडं बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलं, मशीन कोण चालवत होतं. मग रस्त्यावरून भिमाजीला वर बोलावून सगळं ऐकून घेतलं. "इंजिन, पंप, पॅनल, तिन्ही एकाच टायमाला कसं बिघडंल? ह्यांचं बोलणं जिथनं जातं ती वाट बघू," असं म्हणून त्यानं किल्ली बंद केली, तारांच्या दोन्ही टोकांना मीटर लावला आणि भिमाजीला मधलं जुडगं हळूहळू हलवायला सांगितलं. मीटरचा काटा चढायचा, पडायचा. सरकत सरकत हात डब्यापाशी आला तेव्हा काटा पडला तो उठेच ना. त्यानं डब्याचा प्लग ओढला. आतल्या पिना हिरव्यागार, चिकट, किटण धरलेल्या.

सूर्यभाननं विचारलं, इथं पाणी कसलं पडतं? मजूर अजिनाथकडं बघायला लागले. शेवटी गोरक्षनाथच म्हणाला, "दाजी, खंडेनवमीचा नारळ."

तर ऐका. सगळे लोक मशीन पुजतात आणि नारळ बकेटच्या दातावर फोडतात. आमचा अजिनाथ तसं कसं करील? कंप्युटरचा मान मोठा! पाइपानं केबिन आतून धुवायची, डब्याला हळद-कुंकू लावायचं आणि नारळही डब्यावरच फोडायचा. मी आल्यापासून दरसाल. ते गोड पाणी प्लगात मुरत गेलं.

सूर्यभान हसून म्हणाला, "शेट, नैवेद्य मशीनला दाखवला आन् खाल्ला तारांनी."

त्यानं पिना घासल्या, खाल्लेल्या बदलल्या, प्लग घट्ट बसवला. मी एका दमात उठले. खाली ट्रकचा हॉर्न वाजत होता.

अजिनाथ भिमाजीला म्हणाला, "चल, झालं गेलं. बस वर."

कडूबाई भराव चढून आली होती. ती म्हणाली, "शेट, कामचुकार म्हणालात ते चार मान्सांत. आता त्याच चार मान्सांत म्हना, त्यो खरं बोलत हुता. येवढंच म्हना, आमी पेटी उतरवून घेतो."

मजूर थांबले. मीही धडधड कमी करून ऐकत होते. अजिनाथनं टोपी काढली, झटकली, परत घातली. खालच्या ट्रककडं बघितलं, सूर्यभानकडं बघितलं. तोंडातून शब्द निघाला नाही.

भिमाजीनं माझ्या दाराला हात लावला, दार नीट लावून घेतलं आणि बायकोच्या मागं उतरून गेला. ट्रक निघाला तेव्हा पोरं फाळक्यावरून माझ्याकडं बघत होती.

आता माझ्या सगळ्या तारा नीट आहेत. डबा सांगतो, पंप ऐकतो, पॅनल दिवा लावतो. गोरक्षनाथ मला दगडावर आपटतो, त्याचंही मी काही म्हणत नाही. पण अजिनाथ, तुला सांगते. देवळाली काही परदेशात नाही. तुझी राजदूत बाहेरच उभी आहे. किक मार, त्या फडात जा, आणि सगळ्या टोळीसमोर ते एक वाक्य बोल. भिमाजी परत आला तर आला, नाही आला तर नाही आला.

आणि जाण्याआधी ती काळी बाहुली तेवढी काढ. डोळ्यासमोर लोंबते, काही दिसत नाही मला.