इन म्हणजे नाही

चष्म्याच्या काचा घासता घासता मी दिवसाला दहा इंग्रजी शब्द पाठ करायचे. मशीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली, ओठांतल्या ओठांत पुटपुट चालू. मुख्य शाखेत नव्या कामगारांना शिकवायची जागा निघाली होती आणि तिथली सगळी पुस्तकं इंग्रजीत. मला ती जागा हवीच होती. नऊ वर्षं उभ्याने काम करून पायांनी कधीच राजीनामा दिला होता.

चौथ्या महिन्यात मला गुरुकिल्ली सापडली. शब्द मोडायचा. ‘इन’ म्हणजे नाही. करेक्टचं इनकरेक्ट, व्हिजिबलचं इनव्हिजिबल. शंभर कुलपं एका दमात उघडली. त्या आनंदात मी भाजीत दोनदा मीठ घातलं. सासूबाई म्हणाल्या, “डोकं इंग्रजीत गेलं तर जाऊ दे, हात तरी मराठीत असू दे.”

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सुपरवायझरनी शिफारसपत्र दिलं. घरी येऊन उघडलं, तर तिसऱ्याच ओळीत मी ‘इनव्हॅल्युएबल’. तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षांत एक काच वाया घालवली नाही, आणि या माणसाने केसाने गळा कापला. कोश बघायची गरजच काय, शब्द मोडता येत होता ना मला.

“आई, मी उद्या जाणार नाही,” मी पत्र ओट्यावर आपटलं.

सासूबाई मटार सोलत होत्या. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही. “असं लिहिलंय तरी काय?”

“व्हॅल्यू म्हणजे मूल्य. इन म्हणजे नाही. मला मूल्य नाही म्हणे.”

“म्हणजे अमूल्य?”

“हो, तेच तर...” मी म्हणाले आणि थांबले.

“मग चिडतेस कशाला? आपला ‘अ’ म्हणजेसुद्धा नाहीच की. अमूल्य म्हणजे काय फुकट?”

मी धावत जाऊन कोश काढला. शब्द सापडला. जिची किंमतच करता येणार नाही, इतकी मोलाची. मी. मी सासूबाईंना अशी मिठी मारली की मटार घरभर झाले.

“हे आता कोण वेचणार?” त्या म्हणाल्या, पण हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीला बसलेल्या बाईंनी विचारलं, “इंग्रजी कुठे शिकलात?”

“घरीच. सासूबाईंकडे.”

“शिक्षिका आहेत का त्या?”

“नाही हो, त्यांना एबीसीडीसुद्धा येत नाही.” मग पत्रातल्या त्या शब्दावर बोट ठेवून मी सगळं सांगून टाकलं, माझ्या मूर्खपणासकट. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“नव्या मुलांना असंच शिकवाल?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. “मग सोमवारी या.”

घरी आले, तर सासूबाई दारातच उभ्या होत्या. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि माझ्या पिशवीतली वही ओढून घेतली.

“आता बस इथे,” त्या म्हणाल्या. “माझं नाव कसं लिहितात ते दाखव.”