काचेतला वाघ

"तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नका," एलिगियो म्हणाला, "पण म्युझियमच्या त्या साहेबाला मी त्याच्याच टेबलाखाली घातला."

सिरिलाच्या टपरीवर मक्याच्या पानात वाफवलेले तमाले खात बसलेली माणसं हसली. फिलेमोन हसला नाही. चांगला कान पुढे करून तो ऐकत होता. दुसरा कान एलिगियोनंच फोडला होता, एका झुंजीत, पीळ देऊन कडक केलेल्या दोराच्या सोट्यानं. त्या वर्षी मका पुरुषभर वाढला होता.

उद्या डोंगरावर झुंज. दर मे महिन्यात वरच्या आणि खालच्या आळीचे गडी वाघाचे चामडी मुखवटे चढवून पावसासाठी एकमेकांना बडवतात. रक्त सांडल्याशिवाय देव तरी खाली कशाला बघेल?

एलिगियोनं स्वतः शिवलेला मुखवटा शहरातल्या म्युझियमनं तीन वर्षांपूर्वी चार महिन्यांसाठी म्हणून नेला आणि काचेत कोंडला. तीस वर्षांचा फिलेमोनचा मार त्यावर उमटला होता. तेव्हापासून एलिगियो झुंजीला कडेला बसून दात खायचा. नवा शिव म्हटलं की आईबहिणीवर जायचा.

"पाटीवर लिहिलंय, 'कारागीर अज्ञात.' मी हा असा समोर उभा, आणि अज्ञात. खाली लिहिलंय, 'वापर: शोभेसाठी.' सिरिले, या फिलेमोनच्या सोट्यानं माझे दोन दात गेले, ते काय शोभेला?"

"तोंडाला जरा शोभा आली खरी," सिरिला म्हणाली.

"साहेब म्हणतो, आजोबा, ही आता देशाची ठेव आहे, काचेला हात लावू नका. म्हटलं, देशाच्या टाळक्यात बसतो का बघ घालून. उपसला सोटा. एका दणक्यात काच खाली. तीन पहारेकरी धावले. एक दिव्याच्या झुंबराला लटकला. दुसरा कुठल्याशा मेलेल्या राजाच्या रांजणात शिरला, तो अजून बाहेर यायचाय. तिसरा पाया पडून म्हणतो, मलाही एक हाणा, आमच्याकडंही पाऊस नाही."

टपरी खदखदली. एलिगियोनं पोत्यातून मुखवटा काढून बाकावर आपटला. आरशाचे डोळे, रानडुकराच्या केसांच्या मिशा, कपाळभर घाव. हसणं थांबलं.

"हरामखोरांनी धुऊन पुसून ठेवला होता," तो ओरडला. "माझं रक्तसुद्धा पुसलं. म्हणून नवा दिसतो."

फिलेमोननं आधी त्याचे हात पाहिले. बोटांच्या टोकांना आरी टोचल्याच्या ताज्या खुणा होत्या, नखांत पिवळा रंग. मग त्यानं मुखवटा मांडीवर घेतला आणि अंगठा कपाळावरून हळूहळू फिरवला, डोळे मिटून, कणसाचे दाणे चाचपावेत तसा.

"काय चाचपतोस?" एलिगियो खेकसला. "तुझेच आहेत सगळे."

"सोट्याचा घाव रुंद बसतो, गड्या. दोराच्या पिळासकट." फिलेमोन मोठ्यानं बोलला, बहिरी माणसं बोलतात तसा, सगळ्या टपरीला ऐकू जाईल असा. "हे दगडाचे आहेत. यात माझा एकही नाही."

सिरिलानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

फिलेमोननं मुखवटा एलिगियोपुढे धरला.

"उद्या घालून ये. माझे घाव मी घालतो."