अजून जिवंत

वेरिटीने माझ्या पॅचवर, म्हणजे कोडला लावलेल्या ठिगळावर, सही केली आणि जहाज वेळेवर सुटलं. हे तुम्ही वाचलेलं नाही, मीही लिहिलेलं नाही. सकाळ आहे, जहाज होबार्टच्या धक्क्यावरच आहे आणि सही व्हायची आहे.

जहाज बर्फाकडे निघालेलं. त्यावरच्या संगणकाचा कर्नल, म्हणजे फौजेतला नव्हे, सगळ्याच्या मुळाशी चालणारा प्रोग्राम, मधेच मान टाकायचा. कारण मेमरीचा कोड आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीच्या पानाला हात लावायचा. "मी दुरुस्त करतो," असं मी कप्तानाला बोलून बसलो होतो. समुद्राला भरती यायच्या आत सही मिळाली नाही, तर जहाज तोच आजार घेऊन निघणार.

मेमरीचा कोड वेरिटीच्या ताब्यात. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यात स्वल्पविरामसुद्धा शिरत नाही.

"कॉर्मक, हे डीबग मेसेज आहेत की तुझं आत्मचरित्र?"

चूक शोधायला मी कोडला दोन मेसेज छापायला लावले होते: हद्दीच्या तपासणीआधी 'इथवर आलो', तिच्यातून सुटल्यावर 'अजून जिवंत'.

"काढतो लगेच."

"हात लावू नकोस!" ती पडद्याला नाक लावून वाचत राहिली. "शेवटाच्या पानावर तपासणीने तुला मारायला हवं होतं. तू जिवंत कसा?"

"नशीब."

"गप. तुझ्या मते शेवट म्हणजे काय?"

"शेवटचं पान."

"आणि ज्या फाइलीतून हा शेवटाचा आकडा आला, तिच्या मते?"

मी फाइल उघडली. तिथे शेवट म्हणजे शेवटच्या पानाच्या पुढचं पान.

"म्हणजे शेजाऱ्याच्या घरात पाट मांडून बसलायस, वर ओरडतोयस, अजून जिवंत!"

माझा विनोद नेमका कुठे पडला, हे इतक्या काळजीने आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी तपासणीतल्या 'शेवटापेक्षा लहान किंवा बरोबर'मधलं 'बरोबर'चं चिन्ह खोडलं आणि शेवटाचं पान पुन्हा मागितलं. 'इथवर आलो' छापलं गेलं. पुढे शांतता.

"मेलो!" मी आनंदाने ओरडलो.

"शाब्बास," म्हणत तिने सही केली. 'अजून जिवंत' हा मेसेज मात्र तिने तसाच ठेवायला लावला. "कामाचा आहे. तुझ्यापेक्षा."

भोंगा वाजला.

"चल, धक्क्याच्या शेवटी जाऊन हात हलवू."

"शेवट म्हणजे शेवटची फळी?"

"तिच्या पुढची. पळ!"

ती सांगते ते बरोबरच असतं, म्हणून मी गेलो. पाणी थंड होतं. जहाजावरून कुणीतरी "आहेस का रे?" विचारलं, तेव्हा उत्तर तयारच होतं.

तरी बंदर अधिकाऱ्यांस विनंती की, सदर धक्क्यास शेवटच्या फळीपुढे आणखी एक फळी तातडीने बसवण्यात यावी, व ती धक्क्यात मोजण्यात येऊ नये.