पूजेतला संगणक

खंडेनवमीच्या सकाळी सिंधूताईंनी आपल्या पिको-फॉलच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि ताट हातात आहेच म्हणून पियुषच्या लॅपटॉपलाही टिळा लावला. पियुष मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होता. ‘‘आज याले हात नाही लावायचा,’’ त्यांनी लेकाला बजावलं. वर्षातून एकदा अवजारांना सुट्टी असते, तेवढी तरी पाळावी माणसानं.

मशीनला सुट्टी म्हणून त्यांनाही सुट्टी होती, आणि म्हणूनच त्या इतवारीतल्या नागरिक मंडळाच्या सभागृहाकडे निघाल्या होत्या. तिथं फलक लागला होता : ‘प्रोग्रामिंग शिका! वय, शिक्षण, भाषा, कशाचीही अट नाही. आजच सुरुवात करा!’

‘‘आई, तुले मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही,’’ पियुष म्हणाला. ‘‘तू प्रोग्रामिंग करशील?’’

‘‘नाही जमलं तर येईन वापस.’’

हे त्या थट्टेनं बोलल्या नव्हत्या. सायकल झाली, स्कूटी झाली, इंग्रजी बोलण्याचा वर्गही झाला. पहिल्या दिवशी हाती काही लागलं नाही की दुसऱ्या दिवशी त्यांचा पाय घराबाहेर पडत नसे. आज संगणकानं त्यांचं एक तरी ऐकलं, तर त्या पुन्हा येणार होत्या. नाहीतर साड्यांचे फॉल होतेच.

सभागृहात संगणक रांगेनं मांडले होते. प्रत्येकाच्या पडद्याला हार, माउसला कुंकू आणि कीबोर्डवर अक्षता. मंडळानं चांगला मुहूर्त काढायला सांगितला होता आणि तो नेमका खंडेनवमीचा निघाला. संगणक हेही अवजारच, तेव्हा शिकवण्याआधी त्यांची यथासांग पूजा झाली.

मंडळाचे अध्यक्ष ओमप्रकाशजी यांचा सिमेंटच्या पाइपांचा व्यापार होता. त्यांच्या दुकानात संगणक होता आणि तो मुनीम चालवत असे. एवढ्या अनुभवावर ते बराच वेळ बोलले.

‘‘संगणकाला भिऊ नका! मनातली भीती काढून टाका! हात लावल्याशिवाय ही विद्या येत नाही!’’

टाळ्या पडल्या. सिंधूताईंना मुद्दा पटला. त्यांनी शेजारच्या कीबोर्डकडे हात नेला, तोच छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला.

‘‘ताई, ताई! हात नका लावू. पूजा झाली आहे.’’

‘‘मंग शिकायचं कसं गा?’’

‘‘आज फक्त सुरुवात आहे ना.’’

मग सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा झाला, पाहुण्यांना गाडीतून आणणाऱ्यांचा झाला, मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींचा झाला, मंडपवाल्याचाही झाला. जी शिकवणार होती त्या प्रीतीचा तेवढा राहिला, कारण नारळ संपले. ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती. आभार मानणारे दुसऱ्यांदा माइककडे वळले, तेव्हा सिंधूताई तिच्याजवळ सरकल्या.

‘‘काहून वं पोरी, माइकाची पूजा नाही केली का कोणी?’’

हसू लपवायला प्रीतीनं ओढणी तोंडावर धरली.

तर्री-पोह्यांचा वास आला तशी माणसं उठली. सिंधूताईंनीही पिशवी उचलली. झालं होतं त्यांचं. दारापर्यंत पोचल्या, तोच फोटोग्राफर ओरडला, ‘‘अध्यक्षसाहेब, शिकणारं कोणी बसवा ना! नुसत्या शालींचे किती फोटो काढू?’’

ओमप्रकाशजींची नजर सिंधूताईंच्या सुती साडीवर पडली आणि उजळली. ‘‘या ताई, या! अशाच भगिनी पाहिजेत आम्हाला. बसा. कीबोर्डवर बोटं ठेवा. दाबू नका, नुसती ठेवा.’’

फोटोपुरतं देवाला चालत असावं. पडदा काळा दिसत होता म्हणून प्रीतीला संगणक सुरू करायला सांगण्यात आलं. हार बाजूला झाला. ओमप्रकाशजी मार्गदर्शन केल्यासारखं बोट दाखवत उभे राहिले. मग त्यांची टोपी नीट बसवण्यात वेळ चालला.

‘‘काकू,’’ प्रीती कानाशी कुजबुजली, ‘‘मी सांगते तसं दाबा.’’

‘‘एस कुठी आहे वं?’’

‘‘डावीकडे, अक्षतांखाली.’’

एकेक अक्षर शोधत नाव छापायची ओळ झाली. एन्टर दाबलं आणि पडद्यावर लाल मजकूर उमटला. सिंधूताईंनी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

‘‘बिघडवला मी.’’

‘‘काही नाही बिघडलं. शेवटचा कंस राहिला. माझं तर रोज काही ना काही राहते.’’

‘‘ताई, इकडे बघा, हसा!’’ फोटोग्राफर म्हणाला.

ताई बघेनात. त्यांनी कंस शोधला, दाबला. एन्टरखाली एक तांदूळ अडकला होता, तो नखानं काढला आणि पुन्हा दाबलं. पडद्यावर त्यांचं नाव आलं. खाली पुन्हा आलं, त्याच्याखाली पुन्हा. प्रीतीनं ओळीत घालायला सांगितलं होतं तितक्या वेळा, मुकाट्यानं.

‘‘ताई, कॅमेऱ्याकडे!’’

‘‘थांब गा जरा.’’

फोटोत ओमप्रकाशजी झकास आले. सिंधूताईंची फक्त पाठ आली. वर्ग दिवाळीनंतर चांगला दिवस बघून सुरू होतील, असं माइकवरून जाहीर झालं.

घरी पियुष मोबाइल घेऊन पडला होता. ‘‘काय झालं? जमलं का?’’

‘‘चुकलं.’’

‘‘मी म्हणलो होतो.’’

‘‘मंग दुरुस्त केलं.’’ त्यांनी लॅपटॉपवरचं फूल उचलून देवापाशी ठेवलं आणि झाकण उघडलं. ‘‘चालू करून दे.’’

पियुष उठून बसला. ‘‘काहून वं आई? सकाळी मले हात नाही लावू देऊन राहिली होती!’’

‘‘तुले येते सगळं. तुले काय घाई आहे?’’ पदरानं हात पुसत त्या म्हणाल्या. ‘‘मी उद्यापर्यंत थांबली तर भुलून जाईन.’’