शेरा: झडपेला ओंडका

रागाच्या भरात माणूस वाट्टेल ते बोलतो. मी मात्र माझ्या कामातलं बोललो आणि तेच नडलं.

मी बांधावरचा झडपवाला. नदी समुद्राला मिळते तिथली आमची जमीन सखल. बांध नसता तर दिवसातून दोनदा भरती चुलीपर्यंत आली असती. बांधाखालून मोरी जाते आणि तिच्या नदीकडच्या तोंडावर वरून बिजागरीला टांगलेली लोखंडी झडप आहे. ओहोटीला नदी उतरली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की नदीच तिला दाबून बंद करते. जाऊ देते, येऊ देत नाही. मी अडकलेला कचरा काढतो, दोन्हीकडची पातळी मोजतो आणि रोज सकाळी मोटारसायकलवाल्याबरोबर आकडे मुख्य कचेरीत धाडतो.

चार वर्षांपूर्वी लेकीनं गाळ काढणाऱ्या बोटीवरच्या एका पोराशी लग्न ठरवलं. माझं डोकं सणकलं. म्हणालो, "या घराचं दार झडपेसारखं आहे. बाहेरच उघडतं. गेलीस की गेलीस."

दुसरी कोणी असती तर हसली असती. ही झडपवाल्याची पोर, तिनं शब्दशः घेतलं. तिची आई म्हणते, बापाचा हट्ट लेकीत उतरला, त्यात तिचं काय चुकलं? खरं आहे. पण मला काय हौस होती होय? जीव तुटतो हो तिच्यासाठी, बोलून दाखवत नाही एवढंच.

गंमत बघा, मुख्य कचेरीत पातळ्यांचं पत्रक तीच करते. मी लिहितो, आत इतकं, बाहेर इतकं, शेरा काही नाही. दुसऱ्या दिवशी पत्रक येतं, खाली तिची सही. त्या सहीवरून ओळखायचं की पोरगी बरी आहे.

आता महिनाअखेरीस झडप जाणार, विजेच्या मोटारीवर चालणारं दार बसणार. मी निवृत्त, नोकरीबरोबर मिळालेली बांधावरची खोली रिकामी करायची. तिला यावंसं वाटलं तरी मग ती येणार कुठे? जिथं वाढली ते घरच आमचं राहणार नाही.

उन्हाळ्यात आतलं पाणी सडायला लागलं की आम्ही झडपेत ओंडका अडकवतो, म्हणजे भरतीचं थोडं ताजं पाणी आत येतं. लहानपणी ओंडका निवडायचं काम तिचं असायचं. पावसाळ्यात मात्र ओंडका लावणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. तरी परवा, भर पावसाळ्यात, मी शेऱ्यात लिहिलं, 'झडपेला ओंडका लावला आहे.'

आमच्या हिनं कपाळावर हात मारला. साहेब धावत येतील म्हणाली. मी तिला सांगितलं, साहेब शेरे कधीच वाचत नाहीत, वाचते ती एकटी. आणि ओंडका मी लावलाच नव्हता. भरतीला आतली पातळी बोटभरही चढली नव्हती, आणि हे माझ्या लेकीला आकड्यांवरून कळल्याशिवाय राहणार नव्हतं.

काल पत्रक आलं. माझ्या ओळीपुढे तिचं अक्षर होतं: 'बाबा, पातळी जुळत नाही. ओंडका किती जाड, ते कळवा. आम्ही आता तिघं आहोत.'

हिनं मला ते दोनदा वाचायला लावलं. तिघं, तिघं, असं पुटपुटत पदरानं डोळे पुसत बसली. मी पेन घेतलं. आयुष्यभर आकडेच लिहिले, पण हा आकडा काही सुचेना.

शेवटी शेऱ्यात लिहिलं, 'मावाल.'