चौदा टक्के ओलावा

संगणक प्रणालीच्या मंजुरीपत्रावर एकच सही बाकी होती, गोदामप्रमुख अल्का मेश्रामची. सोमवारपासून गोदामाची नोंदवही बंद आणि धानाच्या पोत्यांची कोणती थप्पी आधी भरडायची हे संगणक ठरवणार, असं त्यावर लिहिलं होतं. गोंदियातल्या श्यामलाल शेठच्या राइस मिलमध्ये २००८च्या नोव्हेंबरात रोज नवं धान उतरत होतं.

"धोके सगळे तपासलेत," नागपूरहून आलेला सल्लागार म्हणाला. "वीज गेली तर बॅटरी, संगणक बिघडला तर माहितीची प्रत."

"अन् माहितीच खोटी असन तं?" अल्काने छापील यादी त्याच्यासमोर ठेवली. दोनशे अकरा थप्प्या. प्रत्येकीपुढे ओलावा चौदा टक्के. "सालेकशाचं धान पाण्यात भिजून आलं, कामठ्याचं वाळलेलं. दोन्ही चौदाच?"

संगणकावर बसणारी खुशबू खाली बघत बोलली, "ताई, तो खाना रिकामा ठेवला तं पुढे जाताच येत नाही. ओलावा मोजाचं मीटर आलंच नाही. बाहेर ट्रक उभे. मंग चौदा टाकत गेली."

"मग आतापर्यंत कसं मोजत होता?" सल्लागाराने विचारलं.

हमालांचा मुकादम पुनाराम हसला. त्याने एक दाणा दाताखाली धरून कटकन फोडला. "हा वाळला. दबला तं ओला. मी सांगतो, अल्काबाई वहीत लिहिते. ओली थप्पी आधी उन्हात. तीन आठवडे मिटिंगा चालल्या, मले कोणी बलावलं नाही. बलावलं असतं तं तुमालेबी चावाले देल्लं असतं."

"बस हो गया," श्यामलाल शेठ म्हणाले. "अल्काबाई, सही करो. नहीं तो सोमवार से मत आना."

अल्का त्यांना सतराव्या थप्पीपाशी घेऊन गेली. संगणकाच्या यादीत त्या थप्पीचा भरडायचा नंबर चाळीस दिवसांनंतर होता.

"हात घाला, शेठजी."

शेठनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच काढला. आतलं धान गरम होतं, ओलं राहून कुजायला लागलेलं. त्यांनी बोटं हुंगली.

"ये एक निकाल देंगे. सही कर."

"दोनशे दहा बाकी हायत. धोका नाही म्हणतेत तं साहेबांनीच सही करावी."

"आमच्या करारात ते बसत नाही," सल्लागार म्हणाला.

अल्काने पेन उघडलं. सहीच्या जागी तिने लिहिलं: 'मीटर येईपर्यंत आणि एक हंगाम वही व संगणक दोन्हीकडच्या नोंदी जुळेपर्यंत नोंदवही बंद करण्यास माझा नकार आहे.' खाली नाव, हुद्दा, तारीख.

"याच्यावर मिळाल्याचा शिक्का मारा, एक प्रत मले द्या. सोमवारी आठ वाजता मी गेटवर हाय. काढाचं असन तं लेखी काढा, अन् काऊन काढलं तेबी लिहा."

शेठनी तो कागद वाचला. मग सल्लागाराकडे वळले. "मीटर कब आयेगा?"

सल्लागाराने फोन काढला.

"शिक्का, शेठजी," अल्का म्हणाली.